शिंपला आणि प्रवाळ एकाच टाकीत: या चुका टाळा

रत्नागिरीत माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिला ट्रायडॅक्ना मॅक्सिमा (एक क्लॅम, म्हणजे शिंपला) आला तेव्हा आठवडाभरात मला त्याची जागा पटेना. दगडाला घट्ट बसला होता. दोन बोटांत धरून ओढला, तो सुटला आणि दहा दिवसांत मेला.

तो दगडाला चिकटतो ते पायाजवळून सोडलेल्या रेशमासारख्या तंतूंनी. तंतू ओढले की ते जिथून येतात ती ग्रंथीच फाटते. बाहेरून काही दिसत नाही. जखम आत असते. म्हणून नवा क्लॅम पहिल्या दिवसापासून चपट्या छोट्या दगडावर ठेवा (जांभा नको, त्यात लोह फार) आणि पुढे हलवायचा झाला तर दगडासकट उचला. दगड मोठा असेल तर दगडालगत ब्लेडने तंतू कापा. ओढू मात्र नका.

दुसरी चूक पाण्याच्या हिशेबाची. कवच वाढवायला क्लॅमला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट क्षार) लागते, प्रवाळालाही तेच. टाकीत या दोन्हींचा रोजचा डोस नीट बसलेला असतो, क्लॅम आला की तो कमी पडू लागतो. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड टेस्ट करा: अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम 1300. कवचाच्या काठावर नवी पांढरी कड दिसली की समजा, वाढ चालू आहे. नायट्रेट शून्यावर आणायचा हट्टही सोडा; क्लॅम तो पाण्यातून थेट घेतो, थोडा हवाच.

टॉर्च, हॅमर आणि विशेषतः गॅलेक्सिया या दंश करणाऱ्या प्रवाळांच्या शेजारी क्लॅम नको. दिवसा अंतर पुरेसं वाटतं. रात्री बॅटरी मारून बघा, गॅलेक्सियाचे लांब दंशतंतू कुठवर पोचतात ते कळेल.

बाजारातल्या जिवंत तिसऱ्या (खायचे छोटे शिंपले) वाळू साफ करतील म्हणून सोडणारे आपल्याकडे बरेच. ट्रायडॅक्नाच्या मांसल पडद्यात शेवाळ राहतं, ते उजेडावर त्याचं बरंचसं पोट भरतं. तिसरीत असं शेवाळ नसतं. ती पाणी गाळून जगते आणि स्वच्छ टाकीत उपाशी मरते, तीही वाळूखाली. आपल्याला कळतं ते अमोनिया चढल्यावर.

आणि मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आपल्या दारातलं ते प्रवाळ आधीच थोडं आहे.

पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी गोडं होतं, ते टाकीत घालू नका. क्षारता (मिठाचं प्रमाण) 35 पीपीटी, म्हणजे हजारात 35 भाग हवी. मे महिन्यात नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नका. आपल्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, पाणी हवं तेवढं थंड होत नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर क्लॅम आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी रात्री कवचाच्या काठाशी दिसल्या तर क्लॅम दगडासकट बाहेर काढून मऊ ब्रशने घासा, पुढचे काही दिवस रोज बघा. तांब्याचं औषध टाकीत कधीच नको, माशांसाठीसुद्धा.

रोज सकाळी टाकीवरून हात फिरवा. सावली पडताच धडधाकट क्लॅम पडदा झटकन आत ओढतो. तो सुस्त वाटला किंवा त्याचं वरचं तोंड आ वासून राहिलं, तर जागा बदलायला धावू नका. आधी क्षारता, मग अल्कलिनिटी, मग तापमान तपासा.