दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर: आधी हवेचा मार्ग तपासा

मी टॉवेल आणि चादरींची जेकार्ड डिझाईन काढते. खोली सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, वर पत्रा, भिंतीपलीकडे माग. गेल्या मे महिन्यात रोज अडीच-तीनला माझी स्क्रीन गोठायची, नाहीतर मशीन एकदम बंद होऊन परत चालू व्हायचं. तीच फाईल सकाळी नऊला मात्र सुरळीत चालायची. दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकलं, मग रॅम बदलली, मग एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदला म्हणाला. तिथे मी थांबले. बिघाड घड्याळ बघून येत असेल तर आधी उष्णतेवर संशय घ्यायला हवा होता.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की आपल्या पूर्व भागात घराघरांत माग आहेत आणि हवेत सुताची लव आहे. ही लव साध्या धुळीसारखी भुरभुरीत नसते. ती कॉम्प्युटरच्या हवेच्या जाळीवर थरावर थर बसते आणि तिचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर होतो. त्यातून हवा जात नाही.

पार्ट बदलण्याआधी तापमान मोजा. आतल्या भागांचं तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो सुरू ठेवून नेहमीचं जड काम अर्धा तास करा, आणि तेही दुपारीच. माझा प्रोसेसर रायझन 5 5600, त्याची मर्यादा 90 अंश. तो नेमका 90 वर अडकला होता आणि स्वतःला वाचवायला गती कमी करत होता. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. पण प्रोसेसर जसा स्वतःला आवरतो तसं बाकीच्या भागांचं नसतं. तापलेली रॅम चुका करते आणि स्क्रीन गोठते. एसएमपीएस तापला तर सरळ वीज तोडतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, तेव्हा ‘कर्नेल-पॉवर 41’ दिसतं. त्याचा अर्थ मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं एवढाच, कारण त्यात कळत नाही.

मग कॅबिनेटचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीचा, बाजूचा पत्रा काढा आणि तेच काम त्याच वेळी परत करा. माझ्याकडे 90 चे 81 झाले, आणि मशीन संध्याकाळपर्यंत टिकलं. म्हणजे दोष कॅबिनेटच्या हवेत होता. पत्रा कायमचा उघडा ठेवणं हा मात्र उपाय नाही. पुढून मागे जाणारा झोत मोडतो आणि लव थेट बोर्डावर बसते.

आता पंख्यांची दिशा बघा. टॉवेलचा एक सुटा धागा चिमटीत धरून चालू पंख्याजवळ बाहेरून न्या. पुढच्या पंख्याने धागा आत ओढायला हवा, मागच्याने बाहेर ढकलायला. माझ्या मागच्या पंख्याने धागा आत ओढला! जोडणाऱ्याने तो उलटा बसवला होता, म्हणजे गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात, हवा सहसा त्या बाजूने बाहेर पडते. चार स्क्रू काढून पंखा फिरवला, दहा मिनिटांचं काम.

सफाईसाठी प्लग काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा. समोरचं पॅनल ओढून काढा, आतली जाळी धुवा. बऱ्याच कॅबिनेटच्या तळाशी एसएमपीएसची जाळी असते, ती सगळे विसरतात. माझ्या त्या जाळीवरून निघालेला नमदा तळहाताएवढा होता. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज साठलेली असते.

शेजारचे मालक प्रेमाने म्हणाले, “अक्का, कॉम्प्रेसर आणा की, एका फुंकरीत साफ होतंय.” मागाला तो ठीक आहे. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब येतात, दाबही फार. हातातला छोटा ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरतो. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

प्रोसेसरवरचा कूलर काढायचा असेल तर घाई नको. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते आणि माझ्यासारखा पिनांचा प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट उपटून येऊ शकतो. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा, पंख्याची वायर सोडवा. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा आणि बोर्डामागची पट्टी दुसऱ्या बाजूने हाताने धरा, नाहीतर ती गळून पडते. कूलर हलका डावी-उजवीकडे फिरवून मगच उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा. कूलरच्या पात्यांमध्ये अडकलेली लव मी दाताच्या काडीने काढली.

जागाही बदला. माझं कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात होतं, तिथे मशीन स्वतःचीच गरम हवा परत ओढत होतं. आता ते बाहेर आहे, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, ओलाव्याने लव घट्ट चिकटते. आणि धूळ बसू नये म्हणून चालू मशीनवर टॉवेल किंवा चादर झाकू नका. मी हे कितीतरी ऑफिसांत पाहिलंय. झाकायचं तर बंद केल्यावर.

सगळं झाल्यावर पत्रा लावून दुपारी तीनला परत मोजलं: खोली 41 अंश, प्रोसेसर 76. यानंतरही मशीन बंद पडलं असतं तर मी विंडोजमधलंच मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासली असती. ती वेळ आली नाही. जाळ्या आता दर पंधरा दिवसांनी धुते. गच्चीवर पसरल्या की मेच्या उन्हात चहा होईपर्यंत वाळतात, पण बोटाने चाचपून पूर्ण कोरड्या असल्याशिवाय परत लावत नाही.