एटीव्हीला अ‍ॅल्युमिनियमची चाकं बसवायची तर आधी नट बघा

समुद्रकिनारी एटीव्ही, म्हणजे वाळू-दगडांतून चालणारी हँडलवाली चारचाकी, चालवणाऱ्यांचं एक ठरलेलं दुखणं असतं. स्टीलच्या चाकाचा रंग उडतो, टायर जिथे रिमला चिकटून बसतो तिथे गंज धरतो आणि मग रोज सकाळी एका तरी चाकातली हवा उतरलेली. नागाव-अलिबागकडच्या अशा गाड्या माझ्याकडे कायम येतात. घासून, रंगवून एखादा हंगाम निघतो, पण पुढच्या पावसाळ्यानंतर पापुद्रे पुन्हा तयार. मग मालक म्हणतो, "दादा, आता मॅग व्हीलच टाका."

मॅग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, टाकूया. पण वजन फार कमी होईल या आशेवर असाल तर आधी दोन्ही चाकं काट्यावर ठेवा. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं चाक ताकदीसाठी जाड करावं लागतं, त्यामुळे बऱ्याचदा फरक किरकोळ निघतो. दुसरं, स्टील दगडावर आपटलं की वाकतं, ठोकून सरळ करता येतं. अ‍ॅल्युमिनियम तडकतं, आणि तडकलेलं चाक वेल्डिंग करून परत वापरायचं नसतं. वाळूत फिरणाऱ्या गाडीला अ‍ॅल्युमिनियम चांगलं. सड्यावर जांभ्याच्या दगडांतून ये-जा करणाऱ्या गाडीला मी स्टीलच ठेवायला सांगतो.

खरेदीआधी मापं घ्या. "चार नटांचं चाक" एवढं सांगून चाक मागवू नका. चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर आलेले, नट चढवायचे आट्यांचे दांडे म्हणजे स्टड. समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर लागतं. एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या स्टडच्या आतल्या कडेपर्यंत मोजलं की तोच आकडा येतो. पोलारिस कंपनीच्या गाड्यांना साधारणपणे १५६ मिलिमीटर, कॅन-अ‍ॅमला १३७, होंडा आणि यामाहाच्या बहुतेक गाड्यांना ११०, आर्क्टिक कॅटला ११५. १५६ आणि १३७ ची गल्लत होत नाही, कारण चाक चढतच नाही. घोळ ११० आणि ११५ मध्ये होतो. भोक थोडं मोठं करून देतो असं कोणी म्हणालं तर चाक उचलून घरी या.

जुनेच टायर वापरायचे असतील तर रिमचा व्यास तोच हवा, १२ इंची टायर फक्त १२ इंची रिमवर. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत टायरची बाहेरची उंची पुढे किंवा मागे एकीकडेच बदलू नका, गिअरवर ताण येतो. मग येतो ऑफसेट. तो ५+२ किंवा ४+३ असा लिहिलेला असतो: हबला टेकणाऱ्या जागेच्या आत किती इंच आणि बाहेर किती इंच. ७ इंच रुंद रिम ५+२ वरून ४+३ वर नेलं तर प्रत्येक चाक एक इंच बाहेर सरकतं. उलट दिशेने गेलात तर चाक आत येतं, आणि टाय-रॉडला (चाक वळवणारा दांडा) किंवा ब्रेक कॅलिपरला घासू शकतं. मधल्या भोकातून हबचं टोक मोकळं जातं का, तेही बघायचं.

आता नट. या कामात गडबड झाली तर ती बहुतेक वेळा इथेच होते, आणि गंमत म्हणजे चाकांवर हजारो रुपये घालणारा माणूस नटांच्या वेळी "जुनेच चालतील ना?" विचारतो.

चाक स्टडवर टांगलेलं नसतं. नट त्याला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबावर ते टिकतं. स्टीलच्या पातळ पत्र्यावर पुष्कळ गाड्यांना रुंद कॉलरचा सपाट बुडाचा नट असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकात भोकाचं तोंड बहुधा उतरतं, शंकूच्या आकाराचं असतं आणि त्याला तशाच उताराचा, बहुतेक वेळा ६० अंशांचा, नट लागतो. हा उतारच चाकाला मध्यावर आणतो. सपाट नट तिथे फक्त भोकाच्या कडेवर टेकतो. पाना मारताना घट्ट लागतो, गाडी थोडी चालली की मऊ कड दबते आणि नट सैल. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती, वळताना पुढून टकटक आवाज करणारी. चाक काढलं तर चारही भोकांभोवती काळपट राखाडी भुकटी जमलेली आणि दोन भोकं चक्क लांबट झालेली. नट हाताने फिरत होते. नवीन चाक भंगारात गेलं, स्टडही बदलावे लागले.

नट बरोबर आहे का हे तपासायला मार्कर पुरे. नटाच्या उतारावर शाई फासा, चाकाच्या भोकात नुसता दाबून हाताने फिरवा, काढून बघा. सगळीकडे सारखी घासलेली पट्टी दिसली तर जोडी जमली. एकाच कडेवर बारीक रेघ उमटली तर तो नट त्या चाकाचा नव्हे.

आटेही जुळायला हवेत. पोलारिसच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा स्टड ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा असतो. तो १० मिलिमीटरच्या स्टडसारखाच दिसतो, पण एकाचा नट दुसऱ्यावर जबरदस्तीने चढवला की आटे गेले. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचं चाक जाड असल्याने नटाला स्टड कमी मिळतो. निदान स्टडच्या जाडीइतके आटे आत जायला हवेत. १० मिमी, १.२५ पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) स्टडवर याचा अर्थ पूर्ण आठ फेरे. हाताने फिरवताना मोजा. कमी पडले तर लांब स्टड घाला. टोपीवाले क्रोमचे नट घेत असाल तर उलटीही भीती असते: स्टडचं टोक टोपीच्या आत टेकतं, नट घट्ट लागतो आणि चाक मात्र ढिलंच राहतं.

टायर चढवणं शक्यतो चांगल्या पंक्चरवाल्याकडून करून घ्या, पण समोर उभे राहा. टायर चढवायची लोखंडी पट्टी लावताना रिमच्या कडेला प्लॅस्टिकचं कव्हर हवं, नाहीतर ओरखड्यातून हवा गळते. व्हॉल्व्ह नवीन, साबणाचं पाणी भरपूर. बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, बसवण्यासाठी किती हवेपर्यंत जायचं तो आकडा टायरच्या अंगावर छापलेला असतो, त्यापुढे जायचं नाही. बसत नसेल तर हवा सोडून टायरभोवती पट्टा आवळा आणि पुन्हा प्रयत्न करा. पेट्रोल शिंपडून काडी लावणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. टायरवर दिशेचा बाण असेल तर डावं-उजवं आधीच ठरवा. बहुतेक एटीव्हींना चालवताना ५ ते ७ पीएसआय इतकीच हवा लागते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो मोजायला कमी दाबाचा गेज लागतो. पेट्रोल पंपावरच्या गेजला एवढी कमी हवा नीट कळत नाही.

बसवताना सपाट, टणक जागा घ्या, वाळू नको. इंजिन बंद, पार्किंग ब्रेक लावलेला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा, मग फ्रेमखाली जॅक लावून उचला आणि घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही. हबचा सपाट भाग वायर ब्रशने चकचकीत करा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर तो नंतर दबतो आणि नट ढिले होतात. नवीन चाकाच्या टेकणाऱ्या बाजूला जाड रंगाचा थर असला तरी तेच होतं. खाऱ्या पाण्यात स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटतात, म्हणून हबच्या मधल्या उंचवट्यावर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायचं वंगण) पातळ हात मी देतो. आट्यांवर मात्र नाही. मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, कोरड्या आट्यांसाठी असेल तर तेलकट आट्यांवर तोच आकडा स्टडला जास्त ताणतो.

चारही नट आधी हाताने, समोरासमोरच्या क्रमाने. चाक एकदा पूर्ण फिरवून बघा, कुठे घासतं का. पुढच्या चाकासाठी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा फिरवा. मग गाडी खाली घ्या आणि टॉर्क पान्याने दोन-तीन टप्प्यांत घट्ट करा. इम्पॅक्ट गन ठेवून द्या. आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला, आणि तोही अ‍ॅल्युमिनियमच्या ओळीतला. पोलारिस स्पोर्ट्समनच्या कित्येक जुन्या मॉडेलांना स्टीलच्या चाकांसाठी २७ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ३७ न्यूटन-मीटर आहेत. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा आकडा, काही ठिकाणी आकड्यानंतर वर पाव फेरा. चाकं दुसऱ्या कंपनीची असतील तर त्यांच्या कागदावर काय लिहिलंय तेही वाचा. एकक बघा: ३७ न्यूटन-मीटरच्या जागी पान्यावर ३७ फूट-पौंड लावलंत तर ते ५० न्यूटन-मीटर होतात.

पहिल्या फेरीनंतर, १५-२० किलोमीटरच्या आत, चाकं थंड झाली की पुन्हा टॉर्क तपासा. त्यानंतर आणखी एकदा. दुसऱ्या वेळीही नट फिरला तर घट्ट करून सोडून देऊ नका, चाक काढून नटाचं बूड आणि भोकं बघा. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने हबपर्यंत धुवायचं. दगडाला जोरात आपटलं असेल तर चाक पुसून आतल्या बाजूची कड आणि भोकांमधला भाग उजेडात नीट न्याहाळा, केसाएवढी रेघही दिसली तर ते चाक बाद.

आणि सीटखालच्या हत्यारांत नवीन नटांच्या मापाचा पाना टाका. गाडीबरोबर आलेला पाना जुन्या नटाचा असतो, तो नव्याला लागेलच असं नाही.