ॲप लोकांच्या हाती देऊन तपासताय? या चुका टाळा

चाचणीत आठही जणांना जमलं. ॲप बाहेर पडलं आणि महिन्याभरात हेल्पलाइनचे फोन थांबेनात. अशा वेळी टीममध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘लोकांना कळतच नाही.’ मी पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांत यूजर टेस्टिंगचं काम करते. माझा अनुभव असा की लोकांना कळत असतं, चाचणी चुकलेली असते. लोक काय करतात ते बघायला आपण जातो आणि आपल्याला हवं तेवढंच बघून परत येतो.

‘छान आहे’ हे उत्तर धरू नका

बारामतीजवळच्या एका गावात मी एका काकूंना पैसे पाठवण्याचं ॲप वापरायला दिलं होतं. त्या तीनदा नको त्या पानावर गेल्या, परत आल्या, शेवटी त्यांनी सुनेकडे बघितलं आणि सुनेने बोटाने बटण दाखवलं. मी विचारलं, ‘कसं वाटलं, काकू?’ ‘छान आहे की! सोपं आहे अगदी.’ काकू खोटं बोलत नव्हत्या. घरी आलेल्या पोरीने एवढ्या लांबून येऊन काहीतरी दाखवलं, तिला नाव कसं ठेवायचं? आपल्याकडे पाहुण्याच्या मेहनतीला कुणी नाव ठेवत नाही आणि चाचणीत नेमकं हेच आड येतं.

यावर बंगळूरमध्ये झालेलं एक संशोधन मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देते. निकोला डेल, इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 2012 मध्ये प्रसिद्ध केलं. सुमारे 450 लोकांना दोन गोष्टी दाखवून कोणती आवडली ते विचारलं होतं. एक गोष्ट समोरच्या मुलाखतकाराने बनवली आहे असं सांगितलं, की लोक तीच निवडण्याची शक्यता अडीच पट होत होती. दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या असल्या तरीही! मुलाखतकार परदेशी असेल आणि सोबत दुभाष्या असेल, तर तीच शक्यता पाचपट.

म्हणून मत विचारून थांबू नका, घडलेलं लिहा. बोट कुठे थबकलं, मागे जायचं बटण कितीदा दाबलं, कुणाकडे बघितलं, कोणता शब्द दोनदा वाचला. दोन आराखडे असतील तर त्यातला तुमचा कोणता ते कळू देऊ नका. शेवटी ‘आवडलं का?’ ऐवजी ‘शेजारच्या ताईंना हे शिकवायचं झालं तर काय सांगाल?’ असं विचारा. समजलेलं असेल तर माणूस भराभर सांगतो. नसेल तर ‘मग ते येतं, ते दाबायचं’ इथे अडतो आणि तुम्हाला अडचणीची जागा सापडते.

बटणावरचा शब्द कामात सांगू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. पडद्यावर ‘लाभार्थी जोडा’ असं बटण असतं आणि चाचणी घेणारा म्हणतो, ‘आता एक नवीन लाभार्थी जोडा.’ समोरचा माणूस अक्षरं जुळवतो, बटण दाबतो आणि आपण ‘जमलं’ अशी खूण करतो. यात तपासलं गेलं ते फक्त वाचन.

तेच काम असं सांगून बघा: ‘तुमच्या बहिणीला पहिल्यांदाच फोनवरून पैसे पाठवायचे आहेत.’ मग खरी गोष्ट कळते. बँकेच्या भाषेत लाभार्थी म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे जातात तो. गावात लाभार्थी म्हणजे घरकुलाच्या यादीत ज्याचं नाव आलं तो. बहिणीला पैसे पाठवायला निघालेली बाई ‘लाभार्थी’ हा शब्द बघून सरळ पुढे जाते, कारण तिला वाटतं ही सरकारी योजनेची जागा आहे. यात भाषांतरात दोष काढता येत नाही, शब्द शब्दकोशातच आहे. पण ज्या माणसासाठी तो लिहिला, त्याच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. कामाचं वाक्य लिहून झालं की पडद्यावरचा एकही शब्द त्यात आला नाही ना, हे ताडून बघा. आणि माणूस अडला की लगेच सांगू नका. मनात तीसपर्यंत मोजा. ती शांतता दोघांनाही जड जाते, पण शिकायला मिळतं ते तेव्हाच.

अहवालात ‘वापरकर्त्याची चूक’ लिहून थांबू नका

माणसाला वापरायला सोपी जातील अशी यंत्रं आणि पडदे घडवण्याचं शास्त्रच मुळी या वाक्यावर समाधान न मानणाऱ्या लोकांमुळे उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवर पोटावर बसायची, कारण वैमानिकाने पंखांचे फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आत घेण्याऐवजी चाकंच आत घेतलेली असायची. नोंद व्हायची ‘वैमानिकाची चूक’. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं. चाकांचा आणि फ्लॅप्सचा स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे होते. दमलेल्या माणसाचा हात शेजारच्या स्विचवर जाणारच. त्याने वैमानिकांना भाषण दिलं नाही. चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅप्सच्या स्विचला पाचरीचा आकार दिला. हाताला न बघताही फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. पुढे 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी वैमानिकांच्या अशा 460 चुका तपासल्या आणि त्यामागे उपकरणांच्या रचनेचेच ठरावीक घोटाळे पुन्हा पुन्हा सापडले.

तेव्हा एकच चूक दोन वेगळ्या माणसांकडून झाली, की माणसांची नावं खोडा आणि पडद्याचं नाव लिहा.

माणसाला काय वाटतंय, ते विचारायला विसरू नका

28 मार्च 1979. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंड अणुभट्टीत एक झडप उघडी अडकली आणि थंड ठेवणारं पाणी तिच्यातून निघून जाऊ लागलं. नियंत्रण कक्षात त्या झडपेचा दिवा मात्र विझलेला होता. कर्मचाऱ्यांनी अर्थ घेतला, झडप बंद आहे. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढंच तो सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ हे लक्षात आलं नाही आणि अणुभट्टीचा गाभा काही प्रमाणात वितळला.

असे दिवे आपल्या फोनमध्येही आहेत. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पाठवायलाच लागतो. पण ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असं फोनवरून सांगत ‘कलेक्ट’ विनंती, म्हणजे समोरच्याच्याच खात्यातून पैसे मागणारी विनंती, पाठवणाऱ्यांनी कितीतरी जणांची खाती रिकामी केली. फसलेल्या माणसाच्या समजुतीनुसार पिन म्हणजे ‘हो, हे खातं माझंच’ अशी सही होती आणि पडद्याने ती समजूत ठामपणे मोडली नाही. ‘सावध राहा’चे संदेश वर्षानुवर्षं येत राहिले. शेवटी 1 ऑक्टोबर 2025 पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने दोन व्यक्तींमधल्या कलेक्ट विनंत्याच बंद करायला लावल्या. रबरी चाकाचाच हा मार्ग.

चाचणीत प्रत्येक महत्त्वाच्या पडद्यानंतर एवढंच विचारा: ‘आत्ता काय झालं असं वाटतंय? पैसे कुठे आहेत?’ काम बरोबर पार पडलेलं असतं आणि उत्तर चूक येतं, असं पुष्कळदा होतं. माझ्या मते न जमण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं.

एसी खोली आणि नवा कोरा फोन

ऑफिसातला फोन वेगवान, पडदा अखंड, नेट भरपूर. शेतकऱ्याचा फोन दुपारच्या उन्हात असतो, काच तडकलेली, बोटाला माती आणि साठवणुकीची जागा नातवाच्या व्हिडिओंनी भरलेली. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी कामासाठी दिलेले मोबाइल परत केले होते. फोन तापतात, बंद पडतात, त्यावर ॲप नीट चालत नाही आणि ते इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. यातली एकही अडचण ऑफिसच्या खोलीत दिसली नसती. चाचणी माणसाच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्या जागी आणि त्याच्या वेळेला घ्या. फोन घरात कुणाकुणाच्या हाती असतो तेही विचारा. पुष्कळदा ॲप मुलगा उघडून देतो आणि आई फक्त शेवटचं बटण दाबते. मग तुमचे वापरणारे दोन आहेत.

पाच माणसांवरून टक्के काढू नका

पाच जणांत बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात, हा यूजर टेस्टिंगमधले तज्ज्ञ याकोब नीलसन यांचा सल्ला अडचणी शोधण्यापुरता आहे. पाचपैकी चौघांना जमलं म्हणून ‘80 टक्के यश’ लिहू नका. एवढ्या कमी माणसांवरून खरा आकडा तिशीपासून नव्वदीच्या वरपर्यंत कुठेही असू शकतो. ‘पाचपैकी चार’ असंच लिहा. आणि ते पाचही जण कॉलेजात शिकणारे असतील तर पुन्हा निघा.

निघण्याआधी

बँकेच्या ॲपची चाचणी असेल तर खोटं खातं आणि खोटी रक्कम तयार ठेवा. समोरचा स्वतःचा पिन टाकू लागला तर कॅमेरा आधी बंद करा. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस घेतलात तर अर्ध्या दिवसाची मजुरी आधी हातात द्या आणि ‘मधेच उठून गेलात तरी हे पैसे तुमचेच’ हे स्पष्ट सांगा. तसं सांगितल्यावर एक दादा मला म्हणाले, ‘मग खरं सांगू का ताई, मला यातलं दुसरं पान कळलंच नाही.’ त्या पानावर ‘लाभार्थी’ होता.