तणसाचे गठ्ठे उघड्यावर ठेवताय? आधी बूड पाहा

उन्हाळी धानाची कापणी उरकली, तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, गठ्ठे बांधून झाले आणि गोठ्यात जागा नाही. मौदा, रामटेक, पारशिवनीकडे मे महिन्यात बऱ्याच जणांची हीच अडचण. गठ्ठे बाहेरच राहणार असतील तर मृग लागायच्या आत त्यांची सोय लावा.

पैसा सगळा ताडपत्रीवर जातो आणि गठ्ठे टेकतात थेट काळ्या जमिनीवर. वरून थेंब आला नाही तरी ही माती खालून ओल देत राहते. ऑगस्टात गठ्ठा उचलायला जावं तर सुतळी हातात आणि तणस मातीला चिकटलेलं. म्हणून उंचवट्याची जागा धरा, मुरूम टाकून ठोकून घ्या, भोवती चर काढा. वर दगडांवर बल्ल्या किंवा तुराट्यांचा वीतभर थर द्या. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, मात्र नकोत. त्यांच्यावरच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, मग पुढच्या कपाशीवर तीच.

गोल गठ्ठे एकावर एक चढवू नका. सपाट तोंडाला तोंड भिडवून उत्तर-दक्षिण रांग लावा, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन लागतं. दोन रांगांत 3 फूट मोकळे सोडा. 4 फूट व्यासाच्या गठ्ठ्याची नुसती बाहेरची 6 इंच कड सडली तरी 44 टक्के माल गेला; पटत नसेल तर हिशेब मांडून पाहा. चौकोनी गठ्ठ्यांचा माथा मध्ये उंच ठेवा. ताडपत्री माथ्यावरच बांधा, बाजू उघड्या. चहूकडून गुंडाळलं की वाफ आत कोंडते.

ओलसर तणस बांधलं असेल तर पहिले काही आठवडे लक्ष ठेवा. लोखंडी सळई गठ्ठ्यात खुपसून तास-दोन तासांनी काढा. हात धरवत नसेल तर गठ्ठे लगेच सुटे करा, आतल्या उष्णतेनेच पेट घेतो. पेटलाच तर गोठा वाचावा म्हणून ढीग गोठ्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांबच हवा.

बुरशी चढलेलं तणस जनावरांपुढे टाकू नका, गाभण जनावरांपुढे तर मुळीच नाही. म्हशींना त्याने शेपटी आणि खूर सडण्याचा रोग होतो. असला माल खतखड्ड्यात घाला किंवा संत्र्याच्या झाडाखाली पसरा, फक्त खोडापासून फूटभर लांब, नाहीतर खोडातून डिंक गळण्याचा रोग, डिंक्या, ओढवून घ्याल.