सर्जन व्हायचंय? गावाकडून निघताना या चुका टाळा

"मले ऑपरेशन करनारा डॉक्टर व्हायचं हाय," असं दहावीतलं पोर म्हणालं की घरात लगेच हिशोब सुरू होतो. बारावी, पुढे पाच वर्षं, मग सर्जन. पहिली चूक या हिशोबातच होते, आणि ती महागात पडते, कारण कर्ज आणि वावर त्या पाच वर्षांच्या भरवशावर गहाण पडतं.

खरा हिशोब असा आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि १ वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच. सरकारी कॉलेजातून शिकलात तर १ वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे सरकार नेमेल त्या दवाखान्यात काम. मग नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन एमएस जनरल सर्जरीची ३ वर्षं, त्यानंतर पुन्हा बंधपत्राचं वर्ष. एकही वर्ष वाया गेलं नाही तरी स्वतंत्रपणे ऑपरेशन करू लागेपर्यंत वय २८ होतं. मेंदू, मूत्रमार्ग, प्लास्टिक किंवा लहान मुलांची सर्जरी करायची तर वर एमसीएचची ३ वर्षं. घरच्यांना धीर देणारी गोष्ट एवढीच की इंटर्नशिपला आणि एमएसला दर महिन्याला विद्यावेतन मिळतं. त्यामुळे सरकारी कॉलेजात खर्चाचा खरा ताण पहिल्या साडेचार वर्षांचा असतो आणि कर्जाची आखणी तेवढ्यापुरतीच करायची.

हाडांचा, कान-नाक-घशाचा, डोळ्यांचा सर्जन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं असेल तर आधी जनरल सर्जरी करावी लागत नाही. एमबीबीएसनंतर थेट त्या विषयाचं एमएस करता येतं. हे माहीत नसल्याने कित्येक मुलं उगाच घाबरतात.

दुसरा घोळ बीएएमएसचा, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचा. "आधी आयुर्वेदाला लागू, मग एमएस सर्जरी करू" या बेताने प्रवेश घेऊ नका. नीट-पीजीला एमबीबीएस लागतंच. बीएएमएसनंतर शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या सर्जरीत, एमएस होतं, पण ती वेगळी वाट आहे आणि तिच्यासाठी नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत ३९ शस्त्रक्रियांची यादी ठरवून दिली आहे. तीच वाट हवी असेल तर खुशाल घ्या. एका वाटेवरून मधूनच दुसरीवर मात्र जाता येत नाही.

नीटचा फॉर्म भरताना

नीट, म्हणजे एमबीबीएसची प्रवेशपरीक्षा, ७२० गुणांची असते: १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे निम्मा पेपर, आणि तो एनसीईआरटीच्या पुस्तकांतल्या ओळींवर बेतलेला असतो. राज्य मंडळाचं पुस्तक पाठ करून एनसीईआरटी बाजूला ठेवणं ही गावाकडच्या कॉलेजांतली नेहमीची चूक आहे.

भाषा निवडताना सांभाळा. दहावी मराठीतून झाली म्हणून अनेक जण फॉर्मवर मराठी टाकतात. पण अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतून शिकलेलं असतं. मग परीक्षेत 'संवेग' म्हणजे मोमेंटम हे आठवण्यातच वेळ जातो. ज्या भाषेत सराव पेपर सोडवले तीच भाषा निवडा. मराठी घेतलीत तरी पुस्तिकेत इंग्रजी मजकूर शेजारीच असतो आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात.

क्लाससाठी अकोला किंवा नागपूर गाठण्याआधी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडे चौकशी करा. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब तिथून मिळतो. त्याचा अर्ज दहावीनंतर लगेच करायचा असतो. बारावीत आठवण झाली तर उपयोग नाही.

कागद: सगळ्यात जास्त जागा इथेच जातात

गुण असून कागदासाठी जागा गेली, याइतकं जिवाला लागणारं दुसरं काही नाही. आणि हे पूर्णपणे टाळता येतं.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करा. निकालानंतर समितीपुढे गर्दी होते आणि तुमची फाइल त्रुटीत अडकली तर प्रवेशफेरी थांबत नाही. त्रुटी बहुतेक वेळा एकच असते: पुरावा ठरलेल्या तारखेच्या आधीचा नसतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीची जातीची नोंद वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात दाखवावी लागते. आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि तहसीलमधली कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, या दोन ठिकाणी ती बहुधा सापडते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुकात त्यांच्या भावंडांच्या जन्माची नोंद शोधा. नात्याची वंशावळ जोडली की तीही चालते.

नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं लागतं, राज्याचं तिथे चालत नाही. दोन्ही एकाच खेपेत काढून घ्या.

आणखी एक. नीटचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला, असं समजू नका. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी राज्य सीईटी सेलकडे नोंदणी करावी लागते. १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या आणि नागपूरच्या एम्सच्या जागा मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून भरतात. निकालानंतर दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करा.

पसंतीक्रम भरताना "आपल्याला नागपूर कुठं मिळणार" म्हणून वरची कॉलेजं गाळू नका. यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली बघत जाते. वरचं कॉलेज नाही मिळालं तरी खालच्याचा हक्क जात नाही. गडचिरोली, वाशिम, बुलडाणा, भंडारा आणि अमरावतीची नवी सरकारी कॉलेजं २०२४ पासून सुरू आहेत, ती यादीतून सुटू देऊ नका. प्रवेशाच्या वेळी बंधपत्र वाचून सही करा. एमबीबीएसनंतरची सेवा टाळली तर १० लाख रुपये भरावे लागतात.

परदेशी जागेचं आमिष

एजंट घरी येऊन पत्रक दाखवतो तेव्हा चार गोष्टी विचारा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे का? शिकवणं इंग्रजीतून आहे का? त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का? ती पदवी त्या देशात डॉक्टरकी करायला चालते का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर भारतात नोंदणी होत नाही. सगळी उत्तरं 'हो' आली तरी परतल्यावर परदेशी पदवीधरांसाठीच्या ३०० गुणांच्या एफएमजीई परीक्षेत १५० मिळवावे लागतात आणि इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते.

एमबीबीएसमध्ये

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी हलक्यात घेतली की सर्जरीचा पाया तिथेच खचतो. पहिलं वर्ष पार करायला ४ प्रयत्न मिळतात, पण परीक्षा हुकत गेल्या तर पुढे इंटर्नशिप उशिरा संपू शकते. नीट-पीजीला इंटर्नशिप पूर्ण होण्याची शेवटची तारीख दिलेली असते. ती दोन आठवड्यांनी चुकली तरी आखं वर्ष जातं.

हेपॅटायटिस बी ची लस वॉर्डात पाय ठेवण्याआधी घ्या: आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासा. ते १० च्या वर हवं. हा डोस-हिशोब अर्धवट सोडणारे फार आहेत.

इंटर्नशिपमध्ये हात घडवा

सर्जरीची पोस्टिंग फक्त ६ आठवड्यांची असते. नीट-पीजीचा अभ्यास म्हणून ते आठवडे लायब्ररीत काढले की एमएसला हात कोरे घेऊन जाल.

गाठ आधीच शिकता येते. दोन रंगांच्या सुतळ्या खाटेच्या पायाला बांधा. पहिली अर्धी गाठ उजवी डावीवरून, दुसरी डावी उजवीवरून. दोन्ही टोकं फासाला समांतर, सपाट पडली तर स्क्वेअर नॉट झाली. टोकं आडवी उभी राहिली तर ती ग्रॅनी नॉट, ताण आला की सरकते. मग रिकाम्या प्लास्टिकच्या ग्लासाभोवती बांधा. ग्लास हलला किंवा चेपला तर तुम्ही धागा वर ओढताय. बोटं गाठीच्या पातळीवर ठेवून आडवं ओढा, नाहीतर रक्तवाहिनी उपटून येते. टाक्यासाठी संत्र्याची साल चांगली. सुई टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर पकडा, सालीत काटकोनात घाला आणि मनगट फिरवून बाहेर काढा. सरळ ढकललीत तर साल फाटते, आणि पेशंटची कातडीही तशीच फाटते.

सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये हात सापडलेले पेशंट येतात. नवशिक्याची चूक म्हणजे माती-भुसा भरलेली जखम सुबक टाक्यांनी बंद करणं. दोन-तीन दिवसांत आत पू धरतो. अशी जखम भरपूर सलाइनने धुवा, मेलेला भाग काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन बघा आणि जखम उघडी ठेवून बांधा. ती ३ ते ५ दिवसांनी स्वच्छ दिसली की मग शिवतात. कधी टाका घालायचा नाही हे कळणं, हे निम्मं सर्जरीचं शिक्षण आहे.

सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुवा आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं २ तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ती २८ दिवस घ्यायची. भीतीपोटी किंवा लाजेपोटी लपवणं, ही सगळ्यात धोक्याची चूक.

विदर्भात शिकणाऱ्याने आणखी एक सवय लावून घ्यावी. पोटदुखीच्या आणि ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल विचारा, त्यासाठीची सोल्युबिलिटी ही रक्तचाचणी करा. सिकलसेलचा क्रायसिस, म्हणजे अचानक उठलेली तीव्र कळ, अपेंडिक्ससारखा दिसू शकतो. आणि अशा पेशंटला ऑपरेशन टेबलावर थंडी, पाण्याची कमतरता किंवा ऑक्सिजनची कमतरता जिवावर बेतते.

एमएसची तीन वर्षं

प्रबंधाचा विषय दुर्मिळ आजारावर घेऊ नका. ज्याचे पेशंट तुमच्या ओपीडीत दर आठवड्याला येतात तो घ्या. नैतिक समितीची मंजुरी मिळण्याआधी जमवलेली माहिती वापरता येत नाही, म्हणून मंजुरी आधी. लॉगबुकवर त्याच दिवशी सही घ्या. महिन्यांनी सह्या गोळा करताना अर्ध्या केसेस सापडत नाहीत.

जिल्हा रुग्णालयातली ३ महिन्यांची सक्तीची नेमणूक, म्हणजे डीआरपी, सुट्टी समजून घालवू नका. पूर्व विदर्भात हत्तीपाय आहे, म्हणून हायड्रोसीलचे पेशंट आहेत. हर्निया तर सगळीकडेच आहेत. मेडिकल कॉलेजात ज्युनिअरच्या वाट्याला न येणारी ही ऑपरेशनं इथे वरिष्ठांच्या देखरेखीखाली करायला मिळतात.

निकाल लागला की तालुक्याच्या गावी पाटी रंगवायला देण्याआधी एमएसची पदवी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवा. एमबीबीएसची नोंदणी तेवढ्यासाठी पुरत नाही. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणून परिषदा-कार्यशाळांची प्रमाणपत्रं पहिल्या वर्षापासून एका फाइलमध्ये ठेवा. पेशंट भरती करून घेणार असाल तर हॉस्पिटलची नर्सिंग होम कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि ती पहिला पेशंट घेण्याआधी.