अंडी मोजली, लोणी राहिले: कमी कर्बोदकांच्या आहारातील या चुका टाळा

रक्तातील साखर वाढली म्हणून किंवा वजन उतरवायचे म्हणून ज्याने पोळी-भात सोडला, त्याच्या ताटात सर्वांत आधी वाढतात ती अंडी. हे स्वाभाविकच आहे, कारण पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, कर्बोदके अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच असतात आणि ते करायला दहा मिनिटे पुरतात. दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणीचा अहवाल येतो, त्यात एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि ‘अहो, तरी मी सांगत होते, एवढी अंडी खाऊ नका’ हे वाक्य ऐकावे लागते. अंडी बंद होतात. पुढचा अहवाल येतो, तेव्हा आकडा जवळपास होता तेथेच असतो. असे घडते तेव्हा दोष पुष्कळदा अंड्यात नसतो. तो ज्या तव्यावर अंडे फोडले, त्या तव्यावर असतो.

तवा न मोजण्याची चूक

मी स्वतः हा आहार घेत असताना एका सकाळी भुर्जीचे सगळे साहित्य स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून पाहिले. अंडी तीन होती. एका अंड्यात साधारण १.६ ग्रॅम संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) असतो, म्हणजे तिन्ही मिळून ५ ग्रॅमही भरत नाही. मग लोणी आले. कांदा परतण्यापूर्वी एक तुकडा, अंडी घोटताना दुसरा आणि गाडीवरच्या भुर्जीसारखी चकाकी यावी म्हणून वरून तिसरा. हे तिन्ही तुकडे मिळून ३० ग्रॅम भरले. लोण्याच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो, तेव्हा तेथे १५ ग्रॅम झाले. त्यावर ठेवलेल्या चीजच्या एका चकतीचे आणखी ३ ग्रॅम धरले, तर एका न्याहारीत सुमारे २३ ग्रॅम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनेनुसार दिवसभरातील एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून अधिक ऊर्जा संपृक्त मेदातून येऊ नये. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी हा हिशेब २२ ग्रॅमचा होतो आणि वजन उतरवण्यासाठी १६०० कॅलरींवर आलेल्या माणसासाठी १८ ग्रॅमच्या आतच थांबतो. म्हणजे माझा दिवसभराचा वाटा सकाळी नऊ वाजताच संपून गेला होता आणि त्यात अंड्यांचा हिस्सा पाव भागाहूनही कमी होता. हीच भुर्जी चीज न घालता दोन लहान चमचे शेंगदाणा तेलात केली असती, तर सगळे मिळून साडेसहा ग्रॅमच्या आसपास भागले असते. चवीत फरक पडतो हे मात्र मान्य केले पाहिजे.

अंड्यावर आळ येण्याचे कारण जुने आहे. एका अंड्याच्या बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ साली आठवड्याला तीनच बलक खावेत असा सल्ला दिला होता. तो पुढे अनेक दशके जगभरच्या दवाखान्यांतून फिरत राहिला. प्रत्यक्षात रक्तातील बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते आणि आहारातून जास्त आले, तर बहुतेक माणसांत ते आपले उत्पादन काही प्रमाणात आवरते. संपृक्त मेदाचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. तो जास्त झाला की रक्तातील एलडीएल पकडून आत घेणारी यकृताच्या पेशींवरील ग्राहके कमी होतात, त्यामुळे एलडीएल रक्तात अधिक काळ रेंगाळते. अमेरिकेच्या २०१५ सालच्या आहारविषयक सूचनांतून कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली गेली आणि संपृक्त मेदाची १० टक्क्यांची मर्यादा मात्र कायम राहिली, ती याच दिशेच्या पुराव्यामुळे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगातही एलडीएलचा संबंध संपृक्त मेदाशी दिसला, आहारातील कोलेस्टेरॉलशी दिसला नाही. अर्थात त्या प्रयोगाला अंडी-उद्योगाशी संबंधित संस्थेचा निधी होता, हेही वाचकाने लक्षात ठेवावे.

याचा अर्थ रोज सहा अंडी खाण्यास मोकळीक मिळाली असा मात्र होत नाही. अंड्यांवरच्या मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत एकवाक्यता नाही: २०१९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात अधिक अंडी खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला, तर २०२० साली ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकातील विश्लेषणात दिवसाला एका अंड्यापर्यंत तसा संबंध आढळला नाही. शिवाय काही माणसांच्या रक्तात आहारातील कोलेस्टेरॉलचा परिणाम इतरांपेक्षा बराच जास्त उमटतो. मधुमेह असलेल्यांनी, आधी हृदयविकार झालेल्यांनी आणि ज्यांच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल खूप वाढलेले आहे अशांनी आपली संख्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

बलक फेकून तूप पिणे

ही चूक पाहिली की हसावे की रडावे ते कळत नाही. चार अंड्यांचे बलक बेसिनमध्ये जातात, पांढऱ्याचे आम्लेट होते आणि सोबत तूप घातलेली कॉफी येते. साजूक तुपात साठ टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद असतो, म्हणजे एका मोठ्या चमच्यात जवळजवळ आठ ग्रॅम. चारही बलक मिळून साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरले असते. त्या बलकांसोबत कोलीन हे पोषकद्रव्य, अ आणि ड जीवनसत्त्वे आणि प्रथिनांचाही बराच हिस्सा गटारात गेला तो वेगळाच. ‘आमची आजी तूप खाऊनच नव्वद वर्षे जगली’ हा युक्तिवाद येथे हमखास येतो. आजी वरण-भातावर लहान चमचाभर तूप घेत होती आणि दिवसभर उभी राहून राबत होती. कपभर कॉफीत दोन मोठे चमचे तूप तिने पाहिले असते, तर घरातील तुपाचा डबा तिने कुलपात ठेवला असता.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ची फसगत

वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, त्यामुळे डब्यावरच्या या दोन शब्दांतून काहीच नवे कळत नाही. पाहायचा तो संपृक्त मेदाचा आकडा. खोबरेल तेलात तो ऐंशी टक्क्यांहून जास्त असतो, म्हणजे तुपाहूनही अधिक, तर शेंगदाणा तेलात सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास आणि सूर्यफुलाच्या तेलात त्याहूनही कमी. कोकणात आणि गोव्यात अंड्याची आमटी करताना ओल्या नारळाचे वाटण सढळ हाताने पडते. नारळात कर्बोदके कमी म्हणून या आहारात तो चालतो असे समजले जाते, आणि कर्बोदकांपुरते ते खरेही आहे. पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३० ग्रॅम संपृक्त मेद असतो. वाटण निम्मे करून कांदा-टोमॅटो वाढवला, तर आमटी आमटीच राहते.

अर्धवट आहार

सोमवार ते गुरुवार अंडी, पनीर आणि लोणी. शुक्रवारी रात्री पाव, शनिवारी बिर्याणी आणि रविवारी पुरणपोळी. त्यातही लोणी-तुपाचे वाढलेले प्रमाण मात्र सातही दिवस तसेच. कर्बोदके खरोखर कमी झाली, तर ट्रायग्लिसराइड हा रक्तातील मेद उतरतो आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल थोडे वाढते, हा या आहाराचा बऱ्यापैकी सिद्ध झालेला फायदा आहे. मेद वाढवून कर्बोदकेही पुन्हा आत घेतली, तर तो फायदा हाती लागत नाही आणि उष्मांक तेवढे वाढतात. आठवड्यात तीन दिवस सुटणारच असतील, तर भाकरी, उसळ आणि एक अंडे असा साधा आहार पत्करणे अधिक प्रामाणिक ठरेल, असे माझे मत आहे.

भाजीकडे पाठ फिरवणे हीदेखील याच अर्धवटपणाची दुसरी बाजू आहे. अंड्यात चोथा शून्य असतो, त्यामुळे मेथी, शेपू, दुधी, गवार ताटातून गेली की आठवड्याभरात बद्धकोष्ठ होतो. आणि पित्तातील आम्लांना धरून एलडीएल उतरवण्यास मदत करणारा विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारा चोथाही मिळत नाही. जवसाची चटणी येथे फार उपयोगी पडते.

औषधे चालू असताना

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना अचानक भात-पोळी बंद केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्याच गोळ्या घेणाऱ्यांना त्याहून फसवा धोका असतो, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता वाढण्याचा गंभीर प्रकार घडू शकतो. म्हणून आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांना भेटावे, नंतर नव्हे.

अहवाल आल्यावर

आहार सुरू करण्यापूर्वीची तपासणीच नसेल, तर वाढ झाली की आकडा पूर्वीपासूनच तेवढा होता, हे कोणालाच सांगता येत नाही. वजन भराभर उतरत असताना केलेल्या तपासणीत कोलेस्टेरॉल तात्पुरते वाढलेले दिसू शकते, त्यामुळे वजन काही आठवडे स्थिर राहिल्यावर ती पुन्हा करावी. एकूण कोलेस्टेरॉलचा एकटा आकडा पाहून घाबरू नये, कारण त्यात एचडीएलही मिळवलेले असते. एकूण आकड्यातून एचडीएल वजा केले की जे उरते ते अधिक उपयोगाचे. थायरॉईड मंदावलेले असेल तरी एलडीएल वाढते, तेव्हा ती तपासणीही करून घ्यावी.

एलडीएल खरोखर वाढले असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम अंडी आहेत तेवढीच ठेवून लोणी, तूप, खोबरे आणि चीज कमी करावे, त्यांच्या जागी शेंगदाणा किंवा तिळाचे तेल, मूठभर शेंगदाणे आणि जमल्यास बांगडा-तारली आणावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे. आकडा उतरला, तर दोषी कोण ते कळले. उतरला नाही, तर पुढच्या सहा आठवड्यांसाठी तीन अंड्यांच्या भुर्जीत एकच बलक ठेवावा आणि मग पुन्हा पाहावे. एलडीएल १९० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून अधिक आले असेल, तर मात्र असे प्रयोग घरी करत बसू नये. तो अहवाल घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे आणि जाताना आई-वडिलांचे व भावंडांचे जुने अहवालही सोबत न्यावेत.