काळ्या मातीच्या उताराचं मॉडेल करताना या चुका टाळा

जालना-परभणीकडच्या काळ्या मातीत कालव्याची किंवा रस्त्याची कटिंग घसरते ती सहसा पावसाळ्यात, आणि वरवरच: एक-दोन मीटरचा थर सुटून खाली येतो. संगणकावरच्या मॉडेलमध्ये मात्र त्याच उताराचा सुरक्षा गुणांक (मातीची ताकद भागिले सरकवणारा ताण; १ च्या खाली उतार टिकत नाही) १.७ आलेला असतो. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलू नका, माती आणि पाण्याचे आकडे तपासा.

सगळ्यात महागात पडतं ते कोहेजन, म्हणजे दाब नसतानाही माती धरून ठेवणारी ताकद. प्रयोगशाळेत शिअर चाचणी (दाबाखाली माती सरकवून ताकद मोजणं) १००, २००, ३०० किलोपास्कल दाबावर होते. दीड मीटर खोलीवर माती जेमतेम २०-२५ किलोपास्कल दाबाखाली असते. इतक्या कमी दाबाला ताकदीची रेषा खाली वाकते. आपण ती सरळच मागे ओढतो आणि १०-१५ किलोपास्कल कोहेजन फुकटात मिळवतो. उन्हाळ्यात भेगाळून दरवर्षी ओली-सुकी होणाऱ्या मातीत ते शिल्लक राहत नाही.

हिशोब हातानेही होतो. उतार २:१ (दोन आडवे, एक उभा), घसरणीची खोली १.५ मीटर, मातीचं वजन १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर, फ्रिक्शन अँगल (मातीच्या घर्षणाचा कोन) २२ अंश. सरकवणारा ताण १०.८ किलोपास्कल येतो. कोरड्या उताराच्या गुणांकात घर्षणाचे ०.८१ आणि कोहेजन १० धरल्यास त्याचे ०.९३, म्हणजे १.७ च्या वर. आता पाणी उताराला समांतर झिरपतंय आणि कोहेजन ३ उरलंय असं धरा: ०.३७ अधिक ०.२८, फक्त ०.६५. हा उतार उभा राहणारच नाही. म्हणून चाचणी १०, २५ आणि ५० किलोपास्कलवर मागा, आणि पाण्यात पूर्ण कालवून पुन्हा दाबलेल्या नमुन्यावरही करून घ्या. रिपोर्टमधलं एकक बघा: ०.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे जवळपास २० किलोपास्कल.

पाण्याच्या पातळीच्या वरचं ऋण पोअर प्रेशर (मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब; ऋण म्हणजे ओढ) मॉडेलमध्ये ताकद म्हणून राहू देऊ नका. मे महिन्यातली ही ताकद पावसात विरते. निदान एक टप्पा भेगा पाण्याने भरलेल्या धरून चालवाच. कालवा झटकन रिकामा होणार असेल, तर बाहेरचं पाणी काढताना आतलं पोअर प्रेशर तसंच ठेवा.

खचण्याचा अंदाज काढताना अख्खा भराव एकाच टप्प्यात चढवला, की सर्वाधिक खच माथ्यावर दिसतो. थराथराने चढवला तर तो साधारण मध्य उंचीवर येतो, आणि प्रत्यक्षातही तसंच घडतं. मूळ जमीनच उतरती असेल, तर सुरुवातीचे ताण के-नॉट पद्धतीने (आडवा ताण उभ्या ताणाच्या ठरावीक पटीत धरून) देऊ नका. ग्रॅव्हिटी लोडिंग वापरा, म्हणजे मातीचं वजन लावून ताण काढा.

कटिंगचा तळ मॉडेलमध्ये भलताच वर उचलला जातोय? चढत्या आणि उतरत्या भाराला एकच मॉड्युलस (मातीचा ताठपणा) दिलेला असणार. उतरत्या भारासाठी तो साधारण तिप्पट धरतात. मॉडेलची खालची सीमाही उगाच खोल नेऊ नका. बोअरिंगमध्ये ठाम बेसॉल्ट लागला तिथेच थांबवा.

मेश (मॉडेलचं छोट्या तुकड्यांचं जाळं) बारीक करत जा, गुणांक हलायचा थांबेपर्यंत. सहा नोडचे (बिंदूंचे) त्रिकोणी तुकडे तो फुगवून दाखवतात. चिकणमातीला डायलेटन्सी (सरकताना माती फुगणं) शून्य द्या.

उतार कोसळेपर्यंत मातीची ताकद कमी करत नेणाऱ्या विश्लेषणात दिसणारं विस्थापन अहवालात कधीही लिहू नका. त्या सेंटिमीटरना काही अर्थ नसतो. त्यातून फक्त घसरपट्टी कुठून जाते ते कळतं. गणित जुळलं नाही म्हणून उतार कोसळला, असंही समजू नका. एका बिंदूचं विस्थापन आणि गुणांक यांचा आलेख काढा. रेषा सपाट झाली आणि पट्टी माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग दिसली, तरच तो आकडा घ्या.